पाच मिनिटांचं काम आणि डिकीवरचा रंग

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी चोपड्याकडच्या एका गावचे गुरुजी माझ्या दुकानात आले. अमळनेरला मी १९८९ पासून डेंटिंग-पेंटिंग करतो, त्यामुळे गाडी कशी लावली यावरूनच माणूस काय घेऊन आलाय ते कळतं. गुरुजींनी गाडी वळवून डिकी माझ्याकडे केली, उतरले आणि काही न बोलता बाजूला उभे राहिले. गाडी पांढरी, नऊ वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी सुरतेहून घेतलेली. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर लांबीचे दोन ओरखडे होते, थेट पत्र्यापर्यंत गेलेले. त्यांच्याभोवती तळहाताएवढ्या जागेतला रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता.

त्या जागी सुरतेच्या एका शोरूमच्या नावाची चकचकीत अक्षरं होती. गाडी आपली झाली, मग दुसऱ्याच्या दुकानाची पाटी आपण का मिरवायची, असं गुरुजींच्या मुलीचं म्हणणं. बरोबरच आहे तिचं. म्हणून गाडी धुवायला नेली तेव्हा गुरुजींनी तिथल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "पाच मिनिटनं काम शे, गुरुजी." त्याने स्क्रू ड्रायव्हर अक्षरांखाली घातला आणि एकेक अक्षर उचकटलं. मागे राहिलेला काळा गोंद निघेना, तेव्हा थिनरचा बोळा घेऊन घासला. काम खरंच पाच मिनिटांत झालं.

ते निस्तरायला मला दोन दिवस लागले. पांढरा रंग मारायला सोपा, असं लोक समजतात. पण पांढऱ्यातही पिवळट, निळसर, करडी अशा छटा असतात, आणि नऊ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा पांढरा डब्यातल्या पांढऱ्याशी जुळत नाही. कोपऱ्यात ठिगळ दिसलं असतं, म्हणून डिकी पूर्ण मारावी लागली. मजुरी मी नावापुरती घेतली, तरी प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) आणि वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक कागद) मिळून साडेतीन हजार झाले. पगाराला अजून दहा दिवस होते. गुरुजींनी पैसे मोजताना दोनदा मोजले, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला कुणी दाखवलेलंच नाही. पण या वर्षात माझ्याकडे आलेली अशी ही सातवी गाडी. दसरा तोंडावर आलाय. आपल्याकडे दसरा-दिवाळीला जुन्या गाड्यांची घेणी-देणी होतात, सुरतेच्या उधना-लिंबायतला राहणारे आपले लोक तिकडची गाडी भावाला, मेहुण्याला देतात, जीजे ०५ च्या गाड्या एमएच १९ आणि एमएच १८ होतात. मालक बदलला की पहिली गोष्ट लोक काय करतात, तर जुन्या शोरूमचं नाव काढतात. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. जागा जरा जास्त लागेल, पण पूर्ण छापावं ही विनंती.

सगळ्यांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बॅज, म्हणजे गाडीवरची ही नावाची अक्षरं किंवा चिन्ह, रंगाला चिकटलेला असतो, पत्र्याला नाही. म्हणजे बॅज ओढला की ओढ येते ती रंगावर. आणि रंग असतो किती? कंपनीतून आलेल्या गाडीवर गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि वरचं क्लिअर असं सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाच्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढ्यात तुमच्या गाडीचा सगळा रंग आला. त्यातलं चकाकी देणारं क्लिअर तर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचं. लोखंडी टोकासमोर ते काय टिकणार!

आता दुसरी बाजू. बॅजच्या मागे असतो फोमचा दुहेरी टेप, आम्ही त्याला डबल टेप म्हणतो. चांगल्या गाड्यांवर तो अ‍ॅक्रिलिक फोमचा आणि जवळपास एक मिलिमीटर जाडीचा असतो. दोन केसांएवढ्या रंगापुढे एक मिलिमीटर म्हणजे मोठा रस्ता आहे. टेप गरम केला की मऊ होतो आणि मऊ झाला की दोऱ्याने मधोमध कापता येतो. रंगाला स्पर्शही होत नाही. सगळी युक्ती या एक मिलिमीटरमध्ये आहे.

मला हे कळायला एक डिकी खराब करावी लागली. माझे उस्ताद मालेगावहून येऊन इथे राहिलेले. त्यांच्याकडे शिकत असताना एका फियाटच्या मागचं धातूचं नाव काढायला त्यांनी मला सांगितलं. त्या काळात अ‍ॅम्बेसेडर काय, फियाट काय, नावं टेपवर नसायची. अक्षरांच्या मागे खिळे असायचे, ते पत्र्याच्या भोकांतून आत जायचे आणि आतून क्लिपांनी धरलेले असायचे. मी बाहेरून पट्टी घालून जोर लावला. एक खिळा तुटला आणि भोकाची कडा बाहेर उपसून आली, तिच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा उडाला. उस्तादांनी आवाज चढवला नाही. डिकीचं झाकण उघडून आतली क्लिप मला दाखवली, म्हणाले, "पहिले मागून पाह्य." मग ती कडा ठोकून, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून, घासून सारखी करायला मला तीन दिवस बसवलं. डोळे मिटून हात फिरवला तरी जागा सापडली नाही, तेव्हा कुठे प्रायमर मारू दिला.

ते मागून पाहणं आजही करावं लागतं. आजचे बहुतेक बॅज नुसत्या टेपवर असतात, पण काहींना जागेवर बसण्यासाठी मागे एक-दोन प्लॅस्टिकच्या पिना असतात. डिकी उघडून आतलं अस्तर काढलं की भोकं दिसतात. दोरा मध्येच अडला, पुढे सरकेना, तर समजावं की पीन आहे. तिथे जोर न करता दोन्ही बाजूंचा टेप कापून घ्यावा आणि बॅज सरळ आपल्याकडे काढावा, वाकवून नाही. आणि भोकं असलेल्या ठिकाणचा बॅज काढून तसंच सोडून देऊ नये. पावसाचं पाणी आत जातं, डिकीच्या तळाशी साचतं, आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून गंजतो. नवा बॅज बसवायचा नसेल तर भोकात रबरी बूच बसवून घ्यावं, नाहीतर भोक बुजवून रंगवून घ्यावं.

आता काढायची रीत सांगतो. मंगळवारी गुरुजी मुलीला घेऊन आले होते. डिकी रंगवायची तर तिच्यावरची बाकीची अक्षरं, म्हणजे गाडीचं नाव आणि कंपनीचं चिन्ह, उतरवणं भाग होतं. मुलगी बारावीला आहे. म्हणाली, "काका, मी करून बघू?" रंग तसाही जाणारच होता, शिकायला याहून चांगली संधी कुठली? मी तिला करू दिलं.

आधी धुणं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ बॅजच्या कडेला, अक्षरांच्या पोटात घट्ट बसलेली असते. त्यात बारीक खडे असतात. तसाच दोरा फिरवला तर तोच वॉटर पेपरचं काम करतो. म्हणून शाम्पूचं पाणी आणि रंगाचा मऊ ब्रश घेऊन सगळ्या फटी धुवायच्या. बोअरचं पाणी असेल तर शेवटी साध्या पिण्याच्या पाण्याने पुसून घ्यायचं, नाहीतर क्षार वाळून पांढरे डाग धरतात.

मग मास्किंग टेप. बॅज पुन्हा त्याच जागी लावायचा असेल तर त्याच्या खालच्या रेषेला एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना एकेक उभी पट्टी लावावी. मोबाइलवर फोटो काढावा आणि डिकीच्या कडेपासून किती अंतर आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवावं. हे दोन मिनिटांचं काम लोक टाळतात आणि नंतर वाकडं नाव घेऊन वर्षानुवर्षं फिरतात.

मग ऊब. त्यासाठी घरातला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. सहा-आठ इंचांवर धरायचा आणि सतत हलवत ठेवायचा. एका जागी थांबायचं नाही. दोन मिनिटांनी बोट लावून पाहावं. चटका बसण्याआधी तीन-चार सेकंद बोट टिकलं पाहिजे, तेवढी ऊब बरोबर. गॅरेजमधली हीट गन घरच्या माणसाने वापरूच नये. ती ३०० अंशांच्या वर जाते. पत्रा एक वेळ सोसेल, पण बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो वाकतो, आणि प्लॅस्टिकच्या अक्षरांवरचं क्रोम फुगून येतं.

वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत मात्र ड्रायरही लागत नाही. जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकलेला असतो, काळ्या गाडीच्या बोनेटवर हात ठेववत नाही. त्या दिवसांत गाडी अर्धा तास उन्हात ठेवावी, टेप आपोआप मऊ होतो. उलट पौषातल्या सकाळी धुळ्याला पारा दहाच्या खाली गेलेला असताना कुणी बॅजला हात लावू नये. टेप कडक झालेला असतो आणि तो सुटण्याऐवजी रंगच सुटून येतो.

दोऱ्याबद्दल लोक मला फार विचारतात. मी तापीवर मासे धरणाऱ्यांची गळाची तंगूस वापरतो. ती गुळगुळीत असते आणि तुटत नाही. दात साफ करायचा फ्लॉस मिळाला तर तोही चालतो. कापसाचा दोरा चिकटतो आणि तुटतो. पतंगाचा मांजा कधीही वापरू नका. त्याला काचेची भुकटी असते, ती रंगाला रेघोट्या पाडते. आणि नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तो घरात नसलेलाच बरा. तंगुशीचा हातभर तुकडा घेऊन दोन्ही टोकं दोन पेन्सिलींना गुंडाळावी, म्हणजे बोटं कापत नाहीत. बॅजच्या वर शाम्पूचं पाणी शिंपडावं, दोरा बॅजच्या मागे घालावा आणि करवतीसारखा पुढे-मागे न्यावा. दोऱ्याचा कल बॅजकडे असावा, रंगाकडे नाही. खाली एक हात धरून ठेवावा, कारण अक्षर सुटून घरंगळलं तर जाता जाता तेच ओरखडा पाडतं.

मुलीने पहिल्या अक्षराला खूप वेळ लावला. गुरुजी दोनदा म्हणाले, "काकांना करू दे." मी म्हटलं, "गुरुजी, तिचा हात बसू द्या." चौथ्या अक्षराला तिला लय सापडली. सात अक्षरं आणि चिन्ह मिळून पाऊण तास लागला. एकही अक्षर तुटलं नाही, कुठे रेघ नाही.

यानंतर मागे टेपचा काळा थर राहतो. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि थिनर बाहेर येतं. तो थर पुन्हा ड्रायरने गरम करायचा आणि अंगठ्याने कडेपासून घासत गोळा करत न्यायचा. शेवया वळतात तसे त्याचे वळ निघतात. अंगठा दुखतो, हे खरं आहे. पण निम्म्याहून जास्त गोंद असाच निघतो. उरलेल्यासाठी मऊ फडक्यावर थोडं रॉकेल किंवा टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढायचं औषध) घ्यावं, दोन मिनिटं जागेवर ठेवावं, मग पुसावं. काहीच मिळालं नाही तर खोबरेल तेल लावून तासभर थांबावं, तेही गोंद सैल करतं. शेवटी शाम्पूने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. ते मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हे सगळे पदार्थ पेट घेतात, म्हणून त्या वेळी ड्रायरची पीन सॉकेटमधून काढलेली असावी आणि काम उघड्यावर करावं. पेट्रोल तर वापरूच नये.

ड्रिलला लावायचं रबरी चाकही बाजारात मिळतं. आमच्या हातात ते चांगलं काम करतं, पण वेग वाढला की रंग जाळतं. घरी नको.

थिनरने गुरुजींच्या गाडीचं जे झालं, त्याचं कारण सांगतो. ती डिकी सुरतेला आधीच कधीतरी रंगवलेली होती आणि तीही एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंगाने. कंपनीत रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजला जातो. आजच्या गॅरेजमध्ये आम्ही जो पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतो त्यात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं रसायन, असतो, तो वाळला की थिनरला सहज दाद देत नाही. एनसी रंग मात्र थिनरमध्ये विरघळूनच तयार होतो आणि थिनर लागलं की पुन्हा विरघळतो. म्हणून जुनी गाडी घेतली असेल तर आधी तिचा पत्रा पुन्हा रंगवलेला आहे का ते पाहावं. दिव्यांच्या कडेला आणि रबरांवर रंगाचे उडालेले कण दिसतात. फ्रिजवरचं साधं चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवलं तर जिथे लांबी जास्त भरलेली आहे तिथे ते धरत नाही. बोटाने टिचकी मारली तर तिथे आवाज बद्द येतो. आणि कुठलंही औषध लावण्याआधी डिकीच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, फडक्याने लावून पाहावं. फडक्यावर रंग आला की तिथेच थांबावं आणि गाडी कारागिराकडे न्यावी. अशा रंगावरचा बॅज काढताना दोरा कितीही हळू चालवला तरी रंग उचलला जाण्याची भीती असते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगणं आमच्या लोकांचं कर्तव्य आहे.

बॅज निघाल्यावर अनेकांना धक्का बसतो, कारण अक्षर नसतं पण नाव वाचता येतं. त्यातली थोडी मळाची कड असते, ती पॉलिशने जाते. बाकीचं जे उरतं तो उन्हाचा हिशेब असतो. भोवतीचा रंग नऊ वर्षं ऊन खाऊन फिका पडलेला आणि अक्षराखालचा तसाच ताजा. लाल गाड्यांवर हे सगळ्यांत जास्त दिसतं. बारीक पॉलिशने, फोमच्या पॅडने भोवतीचा भाग हलका घासला तर फरक कमी होतो, पण दरवेळी घासताना क्लिअर कमी होत असतं, हे विसरू नये. दोन हात फिरवून जेवढं जुळेल तेवढं जुळवावं. बाकीचं काही महिने ऊन लागू द्यावं. जुन्या लाल गाडीचा मालक आला तर मी त्याला आधीच सांगतो, दादा, नाव काढलं तरी सावली राहील, विचार करून सांगा.

आता पुन्हा लावण्याविषयी. स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा फोम टेप आणून कुणी बॅज लावू नये. आपल्या उन्हात तो पहिल्याच मे महिन्यात पाघळतो. गाड्यांसाठीचा अ‍ॅक्रिलिक फोम टेप घ्यावा. बॅजच्या मागचा जुना टेप ऊब देऊन अंगठ्यानेच काढावा. क्रोमची अक्षरं थिनरमध्ये भिजत घातली की तडकतात. नवा टेप अक्षराच्या आकारात ब्लेडने कापावा, कडेपासून केसभर आत. डिकीची जागा अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावी, तिच्यावर मेण किंवा पॉलिश राहता कामा नये. मघाच्या मास्किंग टेपच्या रेषेवर अक्षरं टेकवून पाहावीत, दोन पावलं मागे जाऊन पाहावं, मगच टेपवरचा कागद काढावा. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. अंगठ्याने पंधरा सेकंद जोरात दाबावं.

लावल्यावर धीर धरण्याला कारण आहे. अशा टेपची पकड वीस मिनिटांत निम्मी येते, एका दिवसात ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. हवा २० ते ३८ अंशांच्या मधली असेल तर हे गणित जमतं. म्हणून दसऱ्याला नवा बॅज हवा असेल तर घटस्थापनेच्या सुमारास लावून घ्या. लोक खंडेनवमीच्या संध्याकाळी लावतात, सकाळी पूजेआधी प्रेशरने गाडी धुतात आणि दुपारी अक्षर झेंडूच्या माळेबरोबर खाली येतं. पहिले तीन दिवस पाणी नको. नंतरही प्रेशरची गन बॅजच्या कडेवर रोखून धरू नये.

महिंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये एसयूव्ही गाड्यांसाठी नवं चिन्ह आणलं. या गाड्या आपल्या शेजारी नाशकातही बनतात, त्यामुळे इकडे त्यांच्याबद्दल जिव्हाळा आहे. तेव्हापासून जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओवाले ते चिन्ह बसवून मागतात. पुढच्या जाळीवरचं चिन्ह बहुधा टेपवर नसतं, ते आतून क्लिपा किंवा स्क्रूने धरलेलं असतं आणि जाळी उतरवल्याशिवाय नीट निघत नाही. बाहेरून उचकटलं की जाळीच फुटते. आणि ज्या नव्या गाड्या पुढची गाडी जवळ आली की आपोआप ब्रेक लावतात, त्यांतल्या काहींचं रडार पुढच्या चिन्हाच्या मागेच बसवलेलं असतं. त्यावर बाजारातलं धातूचा मुलामा दिलेलं चिन्ह चिकटवलं तर रडारच्या लहरी अडतात. अशा गाडीच्या पुढच्या चिन्हाला शोरूमशिवाय कुणी हात लावू नये. काही गाड्यांत मागच्या चिन्हातच डिकी उघडायची कळ किंवा कॅमेरा असतो, तिथेही दोरा चालवण्याआधी चौकशी करावी.

हे लिहितोच आहे तर एका जागेविषयी कळवळून सांगतो. स्टीअरिंगच्या मधोमध जे चिन्ह असतं, त्याच्यावर काहीही चिकटवू नका. त्याच्यामागे एअरबॅग असते. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे आता साध्यातल्या साध्या गाडीतही ती आहे. टक्कर झाली की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि वर चिकटवलेला धातूचा किंवा खड्यांचा तुकडा थेट तोंडावर येतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाने मार्च २०२४ मध्ये अशा चिकटवायच्या चिन्हांविरुद्ध लोकांना सावध केलं होतं, कारण एका चालकाचा डोळा त्यामुळे गेला होता. आपल्याकडे लोक श्रद्धेने तिथे देवाचं धातूचं चिन्ह लावतात. देवाची जागा त्याच्याहून चांगली शोधावी, ही हात जोडून विनंती. माझ्याकडे असं चिन्ह असलेली गाडी आली तर मी मालकाला विचारून ते काढून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

आणखी एक गोष्ट मी करत नाही. विकायच्या गाडीवर वरच्या मॉडेलची अक्षरं लावून द्या, असं सांगणारे येतात. चार अक्षरं बदलली की गिऱ्हाइकाला गाडी लाखभर महाग वाटते. अशा गिऱ्हाइकाला मी परत पाठवतो. आणि जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की डिकीवरचं नाव वाचून किंमत ठरवू नका. आरसी पाहा, तिच्यावर इंधन, इंजिनची सीसी आणि गाडी बनल्याचा महिना असतो. चासी नंबर १७ अंकाक्षरांचा असतो, तो गाडीवर आणि आरसीवर एकच आहे का ते जुळवा. परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकला तरी बरीच माहिती येते. शोरूममध्ये नेलं तर चासी नंबरवरून मॉडेलही सांगतात. अक्षरं तर दोनशे रुपयांना बाजारात मिळतात.

माझ्या मागण्या दोनच आहेत. अमळनेर, धुळे, जळगावच्या आयटीआयमध्ये गाड्यांचं काम शिकणाऱ्या पोरांना बॅज काढणं आणि लावणं, यासाठी निदान एक दिवस द्यावा. आणि वॉशिंग सेंटरच्या मालकांनी एक साधा ड्रायर, तंगुशीचं रीळ, मास्किंग टेप आणि अल्कोहोलची बाटली जागेवर ठेवावी, थिनरचा डबा तिथून हलवावा. या सगळ्याला दोन हजारांपेक्षा कमी लागतात. गुरुजींच्या एका डिकीला त्याहून जास्त गेले.

माझ्या दुकानात मारुती ८०० च्या डिकीचं एक जुनं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. त्याच्यावर वेगवेगळ्या गाड्यांची सुटी अक्षरं मी टेपने चिकटवून ठेवतो आणि शिकायला येणाऱ्या पोरांकडून आधी ती काढून घेतो. गुरुजींच्या मुलीनेही गाडीला हात लावण्याआधी त्यातली दोन काढली. परवा मी त्यावर पुन्हा सगळी अक्षरं भरून ठेवली आहेत. दसऱ्यापर्यंतच्या प्रत्येक रविवारी सकाळी नऊ ते बारा ज्या वॉशिंग सेंटरच्या पोराला यायचं असेल त्याने यावं, पैसे नाहीत. गुरुजींच्या गाडीचं काम करणारा तो पोरगाही आला तर मला आनंद होईल. तंगूस आणि पेन्सिली माझ्याकडे आहेत.

आपला,
एक डेंटिंग-पेंटिंग कारागीर
अमळनेर, जि. जळगाव